मीममधली रिकामी जागा

एखादे मीम पाहून एक माणूस खळखळून हसतो, शेजारच्याला त्यात हसण्यासारखे काय आहे तेच कळत नाही आणि तिसरा ते पाहून मनातून दुखावतो. चित्र मात्र तिघांसमोर एकच असते. मीमवरून तक्रारी झाल्याच्या, खटले उभे राहिल्याच्या, माफी मागावी लागल्याच्या बातम्या सतत येतात आणि दर वेळी वाद त्याच दोन वाक्यांपाशी अडतो. एक बाजू म्हणते, ‘ही निव्वळ गंमत आहे’ आणि दुसरी म्हणते, ‘हा उघड द्वेष आहे’. हा वाद सुटत नाही, याचे एक कारण असे की मीम काम कसे करते याकडे दोन्ही बाजू लक्ष देत नाहीत. मीमचा पूर्ण अर्थ त्या चित्रात मावलेला नसतो. त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग मुद्दाम मोकळा सोडलेला असतो आणि तो पाहणाऱ्याने स्वतःच्या मनातून भरायचा असतो. मीमला कलेच्या रांगेत नेऊन बसवणारा आणि त्याला धोकादायक बनवणारा गुण हा एकच आहे, असे मला वाटते.

मीम म्हणजे नेमके काय?

ही संज्ञा 1976 साली जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी मांडली. जनुकांच्या नकला होत होत जसे गुण पुढच्या पिढीत उतरतात, तशीच एखादी धून, पोशाखाची तऱ्हा किंवा एखादी कल्पना माणसांच्या नकलेतून एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात पसरते, असे त्यांचे म्हणणे होते. इंटरनेटवर या संज्ञेचा अर्थ बराच आक्रसला. आज मीम म्हणजे ओळखीचे झालेले एखादे चित्र किंवा छोटी चित्रफीत, जिच्यावरचा मजकूर कोणीही बदलावा आणि ती पुन्हा पुढे पाठवावी.

म्हणजे मीमचे दोन भाग असतात. एक साचा, जो सर्वांच्या ओळखीचा असतो, आणि दुसरा त्यात भरलेला नवा मजकूर. नुसते गाजलेले छायाचित्र म्हणजे मीम नव्हे. लोक जेव्हा त्यात आपापला मजकूर भरू लागतात, तेव्हा ते मीम होते. त्यामुळे मीमला एकच एक कर्ता नसतो, हेही येथेच लक्षात घेतलेले बरे, कारण पुढचे बहुतेक प्रश्न याच गोष्टीतून निर्माण होतात.

गाळलेल्या जागा भरा

शाळेच्या प्रश्नपत्रिकेतला ‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न सर्वांना आठवत असेल. वाक्य अर्धे दिलेले असते आणि ज्याने धडा वाचला आहे, त्याला गाळलेला शब्द आपोआप सुचतो. मीमची रचना तशीच असते. फरक इतकाच की येथे धडा कोणता, हे कोठेही लिहिलेले नसते. ज्याला तो ठाऊक आहे तो हसतो, आणि ज्याला ठाऊक नाही तो ‘यात विनोद कोणता?’ असे विचारतो. मीम न कळणाऱ्या वाचकाची बुद्धी कमी पडलेली नसते; त्याच्याकडे तेवढा एक संदर्भ नसतो.

एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. स्पेनमधील छायाचित्रकार अंतोनियो गियेम यांनी 2015 साली जिरोना शहरात एक छायाचित्र घेतले. रस्त्याने प्रेयसीबरोबर चाललेला तरुण मान वळवून दुसऱ्याच तरुणीकडे पाहत आहे आणि प्रेयसी संतापाने त्याच्याकडे पाहत आहे, असे ते दृश्य आहे. जाहिराती आणि लेख यांच्यासाठी विकत मिळणाऱ्या साठ्यातले ते एक सामान्य छायाचित्र होते. 2017 साली लोकांनी त्यातल्या तिन्ही व्यक्तींवर शब्द लिहायला सुरुवात केली. तरुणावर ‘मी’, संतापलेल्या प्रेयसीवर ‘उद्याची परीक्षा’ आणि जाणाऱ्या तरुणीवर ‘आणखी एक चित्रफीत’ असे लिहिले की पाच-सहा शब्दांत अख्खी कथा तयार होते. मोह, कर्तव्य, चुकवाचुकव आणि अपराधी भाव हे सारे पाहणारा स्वतः भरतो. मधे एक माणूस आणि दोन्ही बाजूंना त्याला ओढणाऱ्या दोन शक्ती, ही मांडणी चित्रकलेला नवी नाही. जोशुआ रेनॉल्ड्स या इंग्रज चित्रकाराने 1761 साली आपल्या काळातील एका विख्यात नटाला शोकनाट्य आणि विनोदनाट्य यांची रूपे असलेल्या दोन स्त्रियांच्या मधोमध असेच रंगवले आहे.

ही रिकामी जागा किती निर्णायक असते, हे यंत्रांनी फार स्पष्टपणे दाखवून दिले. 2020 साली फेसबुकने द्वेष पसरवणारी मीम ओळखण्याचे आव्हान संशोधकांसमोर ठेवले आणि त्यासाठी 10 हजारांहून अधिक मीमचा संच खुला केला. अडचण समजावून देणारे त्यातले एक साधे उदाहरण असे होते: ‘आज तुझा सुगंध फार आवडला’ हे वाक्य निरुपद्रवी आहे आणि स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याचे छायाचित्रही निरुपद्रवी आहे, पण दोन्ही एकत्र ठेवली की अपमान तयार होतो. तो वाक्यात नाही आणि चित्रातही नाही. त्या चाचणीत माणसांची अचूकता सुमारे 85 टक्के होती आणि त्या वेळच्या चांगल्या संगणकीय प्रणालींची सुमारे 65 टक्के. मला यातला पहिला आकडा अधिक बोलका वाटतो. विचारपूर्वक तपासणारी माणसेसुद्धा दर सातांपैकी साधारण एका मीमबाबत चुकत होती.

हे सारे नवीन आहे का?

नाही. 1830 च्या दशकातील फ्रान्समध्ये काय घडले ते पाहिले तर आजच्या घडामोडींचा जवळजवळ संपूर्ण आराखडा तेथे सापडतो. राजा लुई-फिलिप याची चेष्टा केल्याबद्दल शार्ल फिलिपों या व्यंगचित्र-नियतकालिकाच्या प्रकाशकावर 1831 साली खटला चालला. न्यायालयात त्यांनी चार रेखाचित्रे काढून दाखवली. पहिल्यात राजाचा चेहरा होता, पुढच्या दोनांत तो थोडा थोडा बदलत गेला आणि चौथ्यात निव्वळ एक नासपती उरली. या चारांपैकी नेमके कोणते चित्र गुन्हा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांना शिक्षा झालीच. पण त्यानंतर पॅरिसच्या भिंतींवर सामान्य लोक नासपती काढू लागले. दोन-चार रेषांत काढता येणारे, कोणालाही जमणारे आणि ‘हे तर फळ आहे’ असे म्हणून अंग काढून घेता येणारे ते चित्र म्हणजे खडू आणि कोळशाने काढलेले मीमच होते. त्याच सुमारास ओनोरे दोमिये या चित्रकाराला राजाचे महाकाय, खादाड रूप रेखाटल्याबद्दल तुरुंगात जावे लागले, आणि 1835 साली फ्रान्सने व्यंगचित्रांवर पूर्वपरवानगीचे बंधन पुन्हा आणले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1916 साली, झुरिक शहरात दादा नावाची कलाचळवळ सुरू झाली. ज्या सुसंस्कृत जगाने एवढा नरसंहार घडवला, त्याच्या प्रतिष्ठित कलेची भाषा आपण का बोलावी, हा या कलावंतांचा प्रश्न होता. 1919 साली मार्सेल द्युशाँ यांनी मोनालिसाचे चित्र असलेल्या एका स्वस्त पोस्टकार्डावर मिशा आणि दाढी काढली आणि खाली काही अक्षरे लिहिली. तयार प्रतिमा घ्यायची, तिच्यात किंचित बदल करायचा, खाली मजकूर टाकायचा आणि तिचा सारा दिमाख उतरवायचा, हे सूत्र तेथे पूर्णपणे दिसते. बर्लिनमध्ये हाना ह्योख मासिकांतली छायाचित्रे कापून, चिकटवून त्या काळातील राजकारण आणि स्त्रियांचे स्थान यांवर भाष्य करत होत्या. जॉन हार्टफिल्ड यांनी 1932 साली हिटलरच्या भाषण करणाऱ्या छायाचित्रावर क्ष-किरण प्रतिमा जोडून त्याच्या पाठीच्या कण्याच्या जागी नाण्यांची चळत दाखवली, कारण त्याच्यामागे उभा असलेला पैसा लोकांना दिसावा, अशी त्यांची इच्छा होती. पुढच्याच वर्षी हार्टफिल्ड यांना देश सोडून पळावे लागले.

तरीही, मीमला कला म्हणावे का?

येथे नेहमी येणारा आक्षेप असा की मीम बनवायला कौशल्य लागत नाही, मूळ चित्र दुसऱ्याचे असते आणि आठवडाभरात ते विसरले जाते. या तिन्ही गोष्टी बहुतांश मीमच्या बाबतीत खऱ्या आहेत आणि बहुतांश मीम कलाकृती म्हणून टिकणारही नाहीत. परंतु कोणत्याही प्रकाराची योग्यता त्यातल्या सामान्य नमुन्यांवरून ठरत नाही. शिवाय मीममध्ये कौशल्य असते, फक्त ते हाताचे नसून निवडीचे असते. कोणता साचा घ्यायचा, किती शब्द लिहायचे आणि मुख्य म्हणजे काय लिहायचे नाही, हे ज्याला कळते त्याचेच मीम चालते. एक शब्द जास्त लिहिला की विनोद मरतो, हे लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते.

कला, विनोद आणि सामाजिक प्रश्न यांचा उत्तम मिलाफ मला ‘गेरिला गर्ल्स’ या गटाच्या कामात दिसतो. 1985 साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या या स्त्री कलावंतांच्या गटातील सदस्या गोरिलाचे मुखवटे घालून वावरतात आणि आपली नावे गुप्त ठेवतात. 1989 साली त्यांनी एक फलक तयार केला. अँग्र या फ्रेंच चित्रकाराच्या एका प्रख्यात चित्रातली पाठमोरी, निर्वस्त्र स्त्री त्यांनी घेतली, तिच्या चेहऱ्यावर गोरिलाचा मुखवटा चढवला आणि वर प्रश्न लिहिला: मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रवेश मिळवण्यासाठी स्त्रियांनी विवस्त्र व्हायलाच हवे का? खाली आकडे होते. आधुनिक कलेच्या दालनांतील कलावंतांमध्ये स्त्रिया 5 टक्क्यांहून कमी होत्या, परंतु तेथील विवस्त्र चित्रांपैकी 85 टक्के स्त्रियांची होती. सार्वजनिक कलेला निधी देणाऱ्या ज्या संस्थेने हे काम मागवले होते, तिने ते नाकारले. मग त्यांनी शहरातील बसवर जाहिरातीची जागा भाड्याने घेऊन ते लावले. इंटरनेट सामान्य लोकांपर्यंत पोहोचण्याआधीच्या या फलकात ओळखीची प्रतिमा, एक खोडी, एक प्रश्न आणि झटक्यात कळणारा अन्याय हे सारे आहे. त्यात हसे कोणाचे होते हे पाहण्यासारखे आहे. चित्रातल्या त्या स्त्रीला कोणी हसत नाही. तिला भिंतीवर जागा देणारी आणि कुंचला हाती घेतलेल्या स्त्रीला दाराबाहेर ठेवणारी व्यवस्था तेथे हास्यास्पद ठरते.

‘गंमतच तर केली होती’

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे येऊ. विनोद हा विनोद असतो, त्याने कोणाचे काय बिघडते, असे म्हणणारे पुष्कळ लोक प्रामाणिक असतात. त्यांनी एका प्रयोगाचा विचार करावा. थॉमस फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पुरुषांच्या एका गटाला स्त्रियांची टवाळी करणारे विनोद वाचायला दिले, दुसऱ्या गटाला स्त्रियांविषयीची तशीच हीन विधाने विनोदाविना दिली आणि तिसऱ्याला साधे विनोद दिले. ज्यांच्या मनात स्त्रियांविषयी आधीपासूनच आकस होता, त्यांनी टवाळीचे विनोद वाचल्यानंतर स्त्रियांच्या संस्थेला कमी देणगी देण्याची तयारी दाखवली. तीच हीनता गंभीरपणे मांडलेल्या गटात हा परिणाम दिसला नाही. ज्यांच्या मनात तसा आकस नव्हता, त्यांच्या वागण्यातही असा फरक पडला नाही.

यातून विनोद नवा द्वेष पेरतो असे सिद्ध होत नाही आणि तसे कोणी म्हणू नये. सिद्ध होते ते एवढेच की आधीच असलेल्या आकसाला विनोद मोकळीक देतो. गंभीर विधान वाचताना माणूस सावध होतो, विनोदात मात्र ‘येथे हे चालते’ असा निरोप त्याला मिळतो. मीममध्ये तर आकसाचे शब्द लिहावेही लागत नाहीत. पाहणारा ते मनात उच्चारतो आणि करणारा म्हणू शकतो की मी असे कोठे म्हटले? फिलिपोंनी न्यायालयात वापरलेली हीच पळवाट. पण ते देशातील सर्वांत बलवान माणसाविरुद्ध बोलत होते. दुर्बलाविरुद्ध वापरली की ती भ्याडपणाची होते.

मग उपरोध आणि खरा द्वेष यांच्यातला फरक ओळखायचा कसा? 2005 साली नेथन पो यांनी इंटरनेटवरील एका चर्चेत मांडलेले निरीक्षण आज ‘पोचा नियम’ म्हणून ओळखले जाते. लेखकाचा हेतू स्पष्ट दर्शवणारी खूण नसेल, तर टोकाच्या मताचे विडंबन आणि ते टोकाचे मत खरोखर मांडणारा मजकूर यांत फरक ओळखणे अशक्य होते, असा त्याचा आशय आहे. प्रत्यक्ष बोलताना आवाज, चेहरा आणि आपली जुनी ओळख ही खूण पुरवतात. फॉरवर्ड झालेल्या चित्राबरोबर त्यातले काहीच येत नाही.

हेतू शुद्ध असला तरी साच्याचा स्वतःचा अर्थ त्यात उतरतो, हेही विसरून चालत नाही. वर उल्लेख केलेले मान वळवणाऱ्या तरुणाचे मीम स्वीडनमधील एका इंटरनेट कंपनीने 2018 साली नोकरीच्या जाहिरातीत वापरले. तरुणावर ‘तुम्ही’, प्रेयसीवर ‘सध्याची नोकरी’ आणि दुसऱ्या तरुणीवर कंपनीचे नाव होते. जाहिरातींच्या तक्रारी पाहणाऱ्या तेथील लोकपालाने ती जाहिरात लिंगभेद करणारी ठरवली, कारण तिच्यात स्त्रिया म्हणजे एक टाकून दुसरी घ्यावी अशा वस्तू दिसतात. हा निर्णय मला योग्य वाटतो. मित्रांच्या गटात परीक्षेवर विनोद करताना हा साचा निरुपद्रवी ठरू शकतो, परंतु कंपनी जेव्हा भावी कर्मचाऱ्यांना साद घालते, तेव्हा त्यात स्त्रिया आपल्याविषयी काय वाचतील याचा विचार तिने करायलाच हवा.

चित्र हातातून निसटते तेव्हा

अमेरिकी चित्रकार मॅट फ्युरी यांनी 2005 साली आपल्या चित्रकथेत पेपे नावाचा एक आळशी, निवांत बेडूक रेखाटला. 2008 पासून लोक त्याचा चेहरा मनातल्या भावना दाखवण्यासाठी वापरू लागले. कधी समाधानी, कधी उदास. पुढे वंशद्वेष पसरवणाऱ्या गटांनी त्याला आपली खूण बनवले आणि 2016 साली अँटी-डिफेमेशन लीग या द्वेषविरोधी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने द्वेषचिन्हांच्या आपल्या यादीत पेपेच्या अशा रूपांची नोंद केली. बहुतेक वापर द्वेषाचे नाहीत, हेही तिने त्याच वेळी स्पष्ट केले होते. फ्युरी यांनी 2017 साली चित्रकथेत पेपेला मारून टाकले, तरी त्याने काही फरक पडला नाही. शेवटी ते न्यायालयात गेले आणि 2019 साली पेपेचे चित्र असलेले पोस्टर विकणाऱ्या इन्फोवॉर्स या कडव्या उजव्या संकेतस्थळाने 15 हजार डॉलर देऊन तडजोड केली. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरलेले तरुण भिंतींवर हाच बेडूक काढत होते, आणि त्यांच्या दृष्टीने तो आपल्यासारखाच एक उदास, हट्टी साथी होता.

तेव्हा ‘पेपे द्वेषाचे चिन्ह आहे का?’ या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर नाही. कोण, कोठे, कोणासमोर तो वापरतो, हे सांगितल्याशिवाय प्रश्नच पूर्ण होत नाही. चिन्हांची यादी करून बंदी घालणाऱ्या प्रत्येक यंत्रणेची अडचण नेमकी हीच आहे.

कायदा काय म्हणतो?

देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, म्हणून येथे एकच निकाल पाहू. त्यात या लेखातले जवळजवळ सगळे प्रश्न एकत्र येतात. बेल्जियममध्ये एका कडव्या उजव्या पक्षाच्या सदस्याने 2011 साली एका लोकप्रिय चित्रकथेच्या मुखपृष्ठाची नक्कल करून दिनदर्शिका वाटली. मूळ चित्रातला पात्राच्या हातून पैसे उधळण्याचा प्रसंग त्याने कायम ठेवला, पण उधळणारा शहराचा महापौर केला आणि वेचणारे लोक बुरखा घेतलेले व कृष्णवर्णीय दाखवले. मूळ चित्राच्या हक्कधारकांनी दावा लावला. 2014 साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितले की मूळ कृतीची आठवण करून देणारी, तिच्यापासून स्पष्टपणे वेगळी आणि विनोद किंवा उपहास करणारी कृती विडंबन ठरते आणि विडंबनाला संरक्षण आहे. मात्र तिच्यातून भेदभावाचा संदेश जात असेल, तर आपली निर्मिती त्या संदेशाशी जोडली जाऊ नये, असा न्याय्य आग्रह हक्कधारक धरू शकतात, आणि न्यायालयाने दोन्ही बाजू तोलून पाहाव्यात. वेचणाऱ्यांवर एकही अपशब्द लिहिलेला नव्हता. निव्वळ माणसे बदलल्याने पाहणारा काय भरेल, हे न्यायालयाने विचारात घेण्याजोगे मानले.

चेहरा कोणाचा आहे?

राजा, पुढारी, संग्रहालय किंवा कंपनी यांना चेष्टा सहन करावी लागते आणि ती त्यांनी सहन करावीही. परंतु पुष्कळ मीममधला चेहरा अशा माणसाचा असतो, ज्याने सार्वजनिक जीवनात कधी पाऊलही ठेवलेले नव्हते. कॅनडातील एका शाळकरी मुलाने 2002 साली काठी तलवारीसारखी फिरवत स्वतःची चित्रफीत काढली होती. ती कोणाला दाखवण्यासाठी नव्हती. 2003 साली वर्गातल्या मुलांनी ती इंटरनेटवर टाकली, जगभर लोक हसले, त्याला शाळा सोडावी लागली आणि त्याच्या कुटुंबाने केलेला दावा 2006 साली तडजोडीने मिटला. चित्रफीत मात्र परत घेता आली नाही. ती पाहून हसणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात द्वेष नव्हता, आणि म्हणून या प्रकाराला द्वेषाच्या कोणत्याही व्याख्येत बसवता येत नाही. मीमचा साचा होताना माणसाचे नाव, वय, त्या क्षणाचे कारण हे सारे गळून पडते आणि उरलेल्या चेहऱ्यात प्रत्येक जण आपल्याला हवा तो मूर्खपणा भरतो.

म्हणूनच, मजकूर हटवण्याच्या विनंत्या हाताळणाऱ्या समाजमाध्यमांनी क्रम बदलायला हवा असे मला ठामपणे वाटते. व्यंगचित्र आवडले नाही म्हणून पुढारी किंवा कंपनी तक्रार करते, तेव्हा ती तक्रार शांतपणे, पूर्ण छाननी करून आणि शक्यतो कलेच्या बाजूने झुकून तपासावी. स्वतःचा किंवा आपल्या मुलाचा चेहरा मीम झाला आहे असे एखादा सामान्य माणूस कळवतो, तेव्हा मात्र आधी प्रसार थांबवावा आणि छाननी मागाहून करावी, कारण अशा प्रकरणात पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर दिलेल्या निर्णयाचा त्या माणसाला फारसा उपयोग राहत नाही.